ताटावरचं नाव

बॅगेचं वजन तेवीस किलोच्या वर जात होतं. बाबांनी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून वजनकाटा तासाभरासाठी मागून आणला होता. अंगणात काटा, काट्यावर माझी बॅग, बॅगेच्या एका बाजूला आई आणि दुसऱ्या बाजूला बाबा. बाबा एक वस्तू काढत, आई दुसरी भरे. तिखट राहिलं, शेंगदाण्याची चटणी राहिली, दोन ड्रेस निघाले. मग बाबांच्या हाताला ताट लागलं.

“हे कायले? तिथं ताटं भेटत नाहीत काय?”

“तिच्या नावाचं हाये ते,” आई म्हणाली आणि त्यांच्या हातातून ताट घेऊन तिने पुन्हा कपड्यांमध्ये सरकवलं.

ते ताट विहारातल्या सत्काराचं. परदेशी शिकायला जायची सरकारी शिष्यवृत्ती मला मिळाली, तेव्हा आमच्या भीमनगरातल्या बायांनी मिळून मला स्टीलचं ताट, वाटी आणि पेला दिला होता. भांड्यांच्या दुकानात मशीनने नाव घालून घेतलं होतं. ताटाच्या आतल्या बाजूला, तळाशी, ठिपक्याठिपक्यांची अक्षरं: ‘कु. प्रज्ञा खंडारे हिस सप्रेम भेट. महिला मंडळ, भीमनगर.’ वाटी आणि पेला घरीच राहिला. ताट सिडनीला निघालं.

बॅगेला दोरी बांधता बांधता बाबा म्हणाले, “खोलीत जेवाले वापर. पण सोताचं भांडं घेऊन कोणाच्या घरी जेवाले जायाचं नाही. ज्याच्या घरी आपल्यासाठी ताट नाही, त्याच्या घरी आपलं जेवण नाही.”

हे वाक्य आमच्या घरात जुनं आहे. माझे आजोबा ज्यांच्या शेतावर राबत, त्यांच्या गोठ्याच्या वळचणीला आजोबांचा कानतुटका कप खोचलेला असे. तो आपणच काढायचा, वरून ओतलेला चहा प्यायचा, आपणच धुवायचा, आपणच परत खोचायचा. बाबांनी ते लहानपणी पाहिलं होतं. पाहिलेलं ते कधी सविस्तर सांगत नाहीत, फक्त हे एक वाक्य सांगतात.

आईचं सांगणं वेगळं. “रिकाम्या हातानं कोणाच्या दारी जाऊ नको, बाई.”

दोघांची दोन वाक्यं घेऊन मी एसटीत बसले. बाबा एसटीच्या वर्कशॉपात हेल्पर, त्यामुळे ड्रायव्हर ओळखीचा. आईचं रडणं आटपेपर्यंत त्याने गाडी हलवली नाही. मागून कुणीतरी ओरडलं, “ओ मास्तर, इमान चुकंल तिचं!” आणि रडता रडता आई हसली. बुलढाणा जिल्ह्यातल्या त्या स्टँडवरचा आईचा तो चेहरा मी अजून तसाच ठेवला आहे.

हे मी भीमनगरातल्या त्या मुलींसाठी लिहिते आहे, ज्या मला फोनवर विचारतात, “ताई, तिकडं शनिवार-रविवारी काय करता? लय मजा असंल ना?” आणि इथल्या, सिडनीतल्या त्या मराठी माणसांसाठीही, जी दोन ओळी वाचून म्हणतील, “झालं हिचं सुरू.” हो, झालं सुरू.

आधी मजा सांगते, कारण मी कृतघ्न नाही. सोमवार ते शुक्रवार युनि, म्हणजे युनिव्हर्सिटी, आणि वेस्टमीडच्या हॉस्पिटलांच्या आवारातल्या एका लॅबमध्ये प्रॅक्टिकलचं काम. रक्ताच्या बाटल्या, लेबलं, मशीनं. सगळ्यांचं रक्त एकच असतं, हे वाक्य मी इथे लिहिणार नाही. ते आम्ही शाळेतल्या भाषणांत पुष्कळ म्हटलं आहे. रक्ताचे गट असतात आणि ते नीट तपासावे लागतात, हे माझं काम मला शिकवतं. लॅबची मुख्य बाई पहिल्याच दिवशी म्हणाली, मला नावानेच हाक मार. मी आयुष्यात कुठल्या साहेबाला नावाने हाक मारली नव्हती. पण त्याहून मोठी गोष्ट मला काही दिवसांनी कळली. इथे मलाही कुणी आडनाव विचारत नव्हतं. शाळेत, कॉलेजात, नागपूरच्या होस्टेलवर ‘पूर्ण नाव सांग’ हा प्रश्न ज्या आवाजात येतो तो आवाजच इथे नव्हता. मी नुसती प्रज्ञा होते. हॅरिस पार्क या भारतीय दुकानांच्या भागात फूटपाथवरून हातात भाजीची पिशवी घेऊन चालताना मला हलकं वाटायचं, आणि ते कशामुळे हे मला पक्कं माहीत होतं.

फक्त शनिवार-रविवार खायला उठायचे. माझी फ्लॅटमेट जसलीन पंजाबची, नर्सिंग शिकणारी. तिच्या शिफ्ट वीकेंडला असत. मी दिवसभर कुणाशी बोलत नसे. आठवडाभर इंग्रजीत विचार करून जीभ आखडल्यासारखी होई. अशाच एका शनिवारी हॅरिस पार्कच्या दुकानात ज्वारीचं पीठ शोधत होते, तर मागून आवाज आला, “संपलं वाटतं गं, मीही तेच शोधतेय.”

मराठी! मी वळून जवळजवळ त्या बाईच्या गळ्यातच पडले. ती मृणालताई. दहा-बारा वर्षांपूर्वी विद्यार्थी म्हणून आलेली, आता नवरा अभिजितदादासह पॅरामॅटाजवळ स्वतःच्या घरात राहणारी. “नाव काय तुझं? प्रज्ञा? किती गोड! शनिवारी ये आमच्याकडे. आमचा मराठी गँगचा अड्डा असतो.”

मी गेले आणि मग जातच राहिले. मागच्या अंगणात बार्बेक्यू, गाण्यांच्या भेंड्या, पत्ते, कधी सगळे मिळून नदीकाठच्या पार्कात क्रिकेट. माझी भाषा ऐकून ते हसायचे, “ए, परत एकदा ‘कायले’ म्हण ना!” आणि मी म्हणायचे. साताऱ्याचा ओंकार, माझ्याच युनिचा, मला ‘वऱ्हाडी क्वीन’ म्हणायचा. मी दर वेळी आईचं वाक्य पाळून हॅरिस पार्कमधून मिठाईचा डबा न्यायचे. पाच मिनिटांत रिकामा व्हायचा. मिठाई दुकानातली होती, हे इथेच सांगून ठेवते.

मग माणसं वाढली आणि मृणालताईला एकटीला स्वयंपाक झेपेना. ग्रुपवर मेसेज आला: ‘धिस सॅटर्डे आर्वो, चार वाजता. ब्रिंग अ प्लेट!’

आर्वो म्हणजे दुपार, हे मला माहीत होतं. ‘ब्रिंग अ प्लेट’ म्हणजे घरून एखादा पदार्थ करून आणा, हे माहीत नव्हतं. ही इथल्या लोकांची बोलायची पद्धत. मी मात्र शब्दाला शब्द वाचला. प्लेट आण.

मी जशी होते तशी पलंगावर बसले. वळचणीचा कप आठवला. मग स्वतःलाच दटावलं, की अगं, मेसेज सगळ्या ग्रुपला आहे. भांडी कोण घासणार म्हणून म्हटलं असेल. हा ऑस्ट्रेलिया आहे. इथे प्रत्येक जण आपली पाण्याची बाटली नेतो, आपली खुर्ची नेतो. बाबांचा नियम बाबांच्या गावाचा. अशी समजूत घालून मी बाबांचा नियम मोडला आणि नावाचं ताट पिशवीत घालून निघाले. शिवाय मिठाई होतीच.

दारात मृणालताई म्हणाली, “हे काय गं?”

“प्लेट.”

अंगणभर हशा. अभिजितदादा तर खुर्चीतून घसरला. “रिकामी प्लेट! अरे, ही बघा, प्लेट घेऊन आली!” त्याने अर्थ समजावून सांगितला. मीही हसले, खरंच हसले, कारण चूक गमतीची होती आणि वेगळं ताट आणायला मला कुणी सांगितलंच नव्हतं. ताट हातोहात फिरायला लागलं. “स्टीलचं! कसलं भारी. आमच्या आजीकडे असायची अशी नाव घातलेली भांडी.” ओंकारने मोठ्याने वाचलं, “कुमारी प्रज्ञा खंडारे हिस सप्रेम भेट, महिला मंडळ…” आणि पुढचा शब्द त्याने जरा हळू वाचला.

“भीमनगर,” मी म्हणाले.

“अच्छा, अच्छा,” अभिजितदादा म्हणाला.

माझ्याकडच्या मुलींनो, हे ‘अच्छा, अच्छा’ तुम्हाला ओळखीचं आहे. त्यात वाईट शब्द एकही नाही. ताट माझ्या हातात परत आलं आणि मी पुन्हा पूर्ण नावाची झाले.

त्यानंतर कुणी मला हाकललं नाही. तसं कुणी करत नाही. माझ्या ताटाचा किस्सा दर शनिवारी नव्या माणसाला सांगितला जाई आणि मी दर वेळी हसे. फक्त कधीतरी मधेच, “तुझं बरंय यार, सरकारने पाठवलं. आम्ही लोन काढून आलो.” कधी, “तू एरवी बोलतेस किती शुद्ध, वाटत नाही.” काय वाटत नाही, ते वाक्य कधी पूर्ण व्हायचं नाही. मी ऐकून घेतलं. कारण सरळ होतं. शनिवार गेला असता तर माझी मराठी गेली असती. सातातला तो एक दिवस मला हवा होता.

पुढे पुन्हा ‘ब्रिंग अ प्लेट’ आलं, तेव्हा त्याचा अर्थ मला माहीत होता. मी भरीत करायचं ठरवलं. दुकानातली मिठाई किती दिवस नेणार? आईसारखी वांगी थेट गॅसवर भाजली. धूर झाला, छतावरचा अलार्म किंचाळायला लागला, आणि जसलीन झोपेतून उठून टॉवेल हलवत स्वयंपाकघरात नाचू लागली. “ओए, फायर ब्रिगेड बुलाएगी क्या? एक बैंगन के लिए?” खिडक्या उघडून आम्ही दोघी हसत बसलो. मग कांद्याची पात, हिरव्या मिरचीचा ठेचा, शेंगदाणे, वरून तेलाची फोडणी. तिने बोट बुडवून चाखलं आणि म्हणाली, “थोड़ा रख के जाना.”

मृणालताईकडे त्या दिवशी अभिजितदादाच्या आई होत्या, पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेल्या. नमस्कार केला. त्यांनी विचारलं, “तू ती ताटवाली का?” म्हणजे किस्सा त्यांच्यापर्यंतही पोचला होता, नावासकट.

मी माझं भांडं टेबलाच्या मधोमध ठेवलं आणि आत हात धुवायला गेले. परत आले तर ते तिथे नव्हतं. कोपऱ्यातल्या छोट्या टेबलावर, कोल्ड्रिंकच्या बाटल्यांच्या मागे होतं, फॉइलने झाकलेलं. मी फॉइल काढलं, चमचा ठेवला. जेवणं झाली. चमचा कोरडाच राहिला. ज्या ओंकारने मला दहा वेळा विचारलं होतं की तुमच्याकडचं भरीत कसं असतं, तो माझ्याकडे न बघता चिकन भाजत उभा होता.

माझ्या मनाने सगळी कारणं शोधली. तिखट वाटलं असेल. वांग्याची ॲलर्जी असेल. काकू बाहेरचं खात नसतील. तेवढ्यात शेजारची शेरिल कुंपणाच्या फाटकातून आली, हातात पाव्हलोव्हा, अंड्याच्या पांढऱ्याचा तो मोठा गोड केक. “हॅलो मेट्स!” काकूंनी तिच्या हातचा तुकडा घेतला. वर म्हणाल्या, “काय हलकं झालंय बाई! अजून थोडं दे.” शेरिलने कुठल्या चुलीवर, काय खाऊन, कुठल्या हाताने तो केक केला हे काकूंनी विचारलं नाही. तिच्या आडनावाशी कुणाला घेणंदेणं नव्हतं.

निघताना मृणालताईने भरलेलं भांडं माझ्या हातात दिलं. आवाज खाली आणून म्हणाली, “वाईट वाटून घेऊ नकोस हं. आईंचं जरा सोवळं असतं. आम्ही काही मानत नाही, तुला माहितीये. तुला उद्या डब्याला होईल.”

डब्याला होईल! ट्रेनमध्ये मांडीवर ते जड भांडं घेऊन मी बसले होते. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. मला राग आला होता, आणि तो काकूंचा नव्हता. काकू आपलं सोवळं लपवत तरी नव्हत्या. राग त्या बाकीच्यांचा, जे मानत नाहीत. मानत नाहीत तर चमचा कोरडा का? एक घास तर घ्यायचा होता. कुणीही, एकाने. दोन-दोन पदव्या घेतलेली माणसं एका म्हातारीच्या नजरेच्या धाकाने बटाट्याच्या सॅलडशी खेळत उभी राहिली, आणि आता म्हणतात आम्ही मानत नाही. न मानणाऱ्यांच्या आधारावरच तर हे सगळं उभं आहे.

रविवारी घरी फोन लावला आणि सांगून टाकलं. माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत दुपारची खिचडी शिजवते. ती त्या कामाला लागली तेव्हा काही घरांतली पोरं वेगळा डबा घेऊन यायला लागली आणि आईचं पातेलं अर्ध्याहून भरलेलं परत यायचं. तेव्हा आमच्या कुळकर्णी बाई, ज्यांच्यामुळे मला इंग्रजी आलं, रोज पहिल्या पंगतीत पोरांमध्ये मांडी घालून बसायच्या आणि आईला म्हणायच्या, “शोभाबाई, आधी मला वाढा, भूक लागली.” बाईंनी त्यावर कधी भाषण केलं नाही. जेवल्या. महिन्याभरात डबे बंद झाले. तालुक्याच्या गावात एका बाईंना जे जमलं, ते सिडनीत पंधरा जणांना मिळून जमलं नाही.

आईने सगळं ऐकलं. मग विचारलं, “मीठ बराबर होतं ना?”

“होतं.”

“फेकलं तं नाही?”

“नाही. जसलीनने आणि मी खाल्लं.”

“मंग चांगलं झालतं,” ती म्हणाली. पातेलं भरलेलं परत येणं म्हणजे काय हे तिला माहीत होतं, म्हणून तिने आधी भरिताची बाजू घेतली.

बाबांनी फोन घेतला. मला वाटलं, नियम मोडल्याबद्दल बोलतील. त्यांनी एवढंच विचारलं, “ते ताट हाये ना तुह्यापाशी?”

“आहे.”

“आता जाशीन तं त्याच ताटात भरून ने. अन् टेबलाच्या मधात ठेव.”

पुढच्या शनिवारी मी गेले. फॉइल लावलं नाही. भरीत ताटात गोल पसरलं, पण मधली जागा मोकळी ठेवली, नाव दिसेल अशी. टेबलावरचं सॅलड सरकवलं आणि मधोमध ताट ठेवलं.

“हे मी केलंय,” मी म्हणाले. “मागच्या वेळी कोल्ड्रिंकच्या मागे गेलं होतं. आज इथेच राहील.”

“प्रज्ञा, प्लीज, आईंसमोर नको,” मृणालताई कुजबुजली.

काकू म्हणाल्या, “मी कुणाला काही बोलले का? मी आपली माझ्यापुरती.”

अभिजितदादा हसण्यावारी न्यायला पुढे आला. “अगं, आपण इथे एन्जॉय करायला जमतो. हे विषय आपण सगळे तिकडेच सोडून आलोय ना?”

“मी सोडून आले होते, दादा,” मी म्हणाले. “तुम्ही सोबत आणलंत. माझं तर एक ताट बसता बसेना. तेवीस किलोच्या बॅगेत तुम्ही एवढं सोवळं बसवलंत कसं?”

अभिजितदादा बार्बेक्यूकडे वळला. ओंकार मोबाइलमध्ये बघत राहिला. मी प्लेटमध्ये भाकरी घेतली, त्या ताटातलं भरीत वाढून घेतलं आणि टेबलापाशी उभी राहून सावकाश जेवले. सगळे बघत होते. मग ताट उचललं आणि निघाले. ती माझी तिथली शेवटची प्लेट.

ट्रेनमध्ये होते तेव्हाच ओंकारचा मेसेज आला, ग्रुपवर नाही, वेगळा. ‘सॉरी यार. भरीत भारी दिसत होतं. यू वेअर राइट. नो वरीज, लोक बदलतील हळूहळू.’ मी उत्तर दिलं नाही. चारचौघांत गप्प आणि खाजगीत गोड, असल्या माणुसकीचं मी काय करू? ती मला डब्यालाही होत नाही.

मुलींनो, तुम्ही या. नक्की या. शिका, इथला मोकळेपणा खरा आहे, तोही घ्या. पण कुणी तुम्हाला सांगितलं की तिकडे ‘ते’ नसतं, तर विश्वास ठेवू नका. ते विमानाने येतं आणि त्याचं वजन कुठल्याच काट्यावर दिसत नाही. आणि आपलं नाव लपवू नका. मी लपवलं नव्हतं, फक्त कुणी विचारत नव्हतं म्हणून खुशीत होते. ती खुशी माझ्या हातात नव्हती, हे मला फार उशिरा कळलं.

आता दर रविवारी आमच्या फ्लॅटवर पाच-सहा जण जमतात. जसलीन शिफ्ट बदलून घेते. माझ्यासारखेच, विहारात सत्कार होऊन आलेले दोघे नांदेड आणि अमरावतीकडचे आहेत. मराठी आहे, हिंदी आहे, भांडण आहे, अलार्म अजून वाजतो. घरात ताटं कमी म्हणून मी मेसेज टाकते, ‘प्लेट आणा, रिकामी.’ बाबांना सांगितलं तर म्हणाले, “तुह्या घरी ताटं नाहीत म्हणून आणतात. ते येगळं.” मृणालताईकडच्या शनिवारांची आठवण येते का? येते. त्या भेंड्यांची येते, आणि आठवण आली की राग जास्तच येतो, कारण ते माझंही होतं.

मागच्या रविवारी जसलीनच्या वाट्याला ते ताट आलं. बोटाने अक्षरं चाचपत तिने विचारलं, “इस पे क्या लिखा है?”

मी वाचून दाखवलं. सगळं, भीमनगरपर्यंत.

“सप्रेम भेट मतलब?”

“प्यार से दिया.”

“अच्छा,” ती म्हणाली. तिचं ‘अच्छा’ तेवढंच होतं, एकदाच. मग तिने ताट पुढे केलं. मी माझ्या नावावरच भरीत वाढलं, आणि ती जेवायला लागली.